नखाएवढी जागा

सोलापुरात जिन्यांवर माझ्या मेहुण्यांइतकं प्रेम दुसऱ्या कोणी केलं नसेल. हे वाक्य लिहायचं मी नऊ वर्षं टाळत आलो. ते लिहिलं की मागोमाग आमच्या जिन्याची हकिकत येते, आणि ती आली की मी काय केलं तेही सांगावं लागतं. आता वय शहात्तर झालं आहे. सरकारी कचेरीत दुसऱ्यांच्या नोंदी दुरुस्त करण्यात नोकरी गेली. एक नोंद मात्र माझ्याच हातची चुकीची राहिली, ती तरी नीट करून ठेवावी म्हणून लिहायला बसलो आहे.

मेहुणे माझ्या पत्नीचे सख्खे भाऊ नव्हते. तिचं माहेर वैरागचं. तिच्या घराला लागून मेहुण्यांचं आजोळ, तिथे पिढ्यान्‌पिढ्या लाकडाचं काम. वडील मंद्रूपकडचे, त्यांचं काम दगडाचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी आलेल्या, आपल्याहून दोन वर्षांनी लहान असलेल्या या मुलाला तिने लहानपणी भाऊ मानलं, आणि पुढे जवळजवळ साठ वर्षं दर भाऊबीजेला ओवाळलं. ते तिला आक्का म्हणत आणि मला दाजी. ‘दगूड बापाकडनं आलाय आन्‌ लाकूड आईकडनं,’ असं ते सांगत. दोन्हीकडचा वारसा आल्यावर एखाद्याने घरं बांधली असती, देवळं बांधली असती. मेहुण्यांनी फक्त जिने केले. कोणी दार-खिडकी करून द्या म्हटलं, की ते अशा चेहऱ्याने बघायचे की जणू गवयाला कोणी रेडिओ दुरुस्त करायला सांगितलाय.

कोणाच्याही घरी गेले की आधी जिना. यजमान हात जोडून ‘या, या’ म्हणतायत आणि मेहुणे त्यांना ओलांडून जिन्यापाशी पोहोचलेत, हे दृश्य मी किती वेळा बघितलं असेल याची गणती नाही. चपला काढायच्या, डोळे मिटायचे, एकदा वर जाऊन खाली यायचं आणि मग डोळे उघडून यजमानांना ‘राम राम’ म्हणायचं. मिटल्या डोळ्यांनी पाय अडखळला तर चूक पायरीची, पायाची नव्हे, हा त्यांचा सिद्धान्त होता. आमच्या गल्लीतले एक वृद्ध गृहस्थ वारले तेव्हा आम्ही दोघं भेटायला गेलो. सगळे सतरंजीवर माना खाली घालून बसलेले आणि मेहुणे गायब. दहा मिनिटांनी ते जिन्यावरून उतरून आले आणि गेलेल्यांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘तिसरी पायरी अर्धा इंच उंच हाय. म्हातारं रोज हितंच दमत असंल बगा.’ मी शरमेने जमिनीकडे बघायला लागलो. पण तीन दिवस कोरडा राहिलेला तो मुलगा तेव्हा पहिल्यांदा रडला. वडील रोज त्याच पायरीवर थांबून कठडा धरायचे म्हणे.

त्यांच्या पुतणीसाठी स्थळ बघायला आम्ही मोडनिंबला गेलो होतो. मुलगा शिकलेला, घर भरलेलं, पोहे उत्तम. परतताना मेहुणे एसटीत म्हणाले, ‘नगं.’

‘का हो? काय वाईट आहे?’

‘जिना बगितला न्हाई का दाजी? शिडी लावल्यासारका उभा. जागा न्हाई म्हणून न्हाय, जागा हाय की धा फूट. पर मन न्हाय. जिन्याला जागा दिली न्हाय त्यांनी, सुनंला काय देणार?’

स्थळ मोडलं. मुलगी पुढे बार्शीला एका तळमजल्याच्या घरात पडली आणि सुखात आहे. मेहुणे त्याचंही श्रेय जिना नसण्याला देत.

दगड घेताना ते तो चाटून बघत. बोटाने थुंकी लावून नव्हे, चक्क जीभ टेकवून. ‘ह्यात माती हाय’ किंवा ‘हा गोड हाय, टिकंल’ असे निकाल द्यायचे. फरशीच्या वखारीचा मालक त्यांना लांबून येताना बघून स्वतः पाइप घेऊन उठायचा आणि ढीग धुऊन काढायचा. ‘या मिस्त्री, आता चाटा. ताज्या हायत,’ म्हणायचा. लाकडाची तऱ्हा वेगळी. लाकूड विकत घेऊन लगेच कापायचं नाही, ज्या घरात बसवायचं त्या घरात ते आधी मुक्कामाला आणून ठेवायचं. आमच्या जिन्यासाठी त्यांनी जुन्या बाजारातून आणलेल्या सागवानी फळ्या दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्या बैठकीच्या खोलीत राहिल्या. पाहुणे त्यांच्यावर बसून चहा प्यायचे. मेहुणे आठवड्यातून एकदा येत, फळ्यांवरून हात फिरवत, त्यांना कान लावत, आणि मग स्वयंपाकघराकडे तोंड करून, ‘आक्का, बरी हाईस का?’

‘आधी त्या फळ्यांची चौकशी कर, मग माझी,’ ती आतून म्हणायची.

‘ती केली की. त्या बऱ्या हायत.’

आमचा जुना जिना सिमेंटचा होता आणि माझ्या गुडघ्यांच्या मानाने फार चढा. मुलगा पुण्याला. तो सुनेला आणि होणाऱ्या बाळाला घेऊन सुट्टीला आला की वरच्या मजल्यावर राहणार, म्हणून जिना नवा करायचं ठरलं. मेहुण्यांनी घरात सर्वांत थोरलं कोण ते विचारलं. मीच निघालो. मग त्यांनी माझ्या घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुतळी धरली, मला पाण्याने भरलेली कळशी घेऊन जुना जिना तीनदा चढायला लावला आणि दर वेळी किती पाणी सांडलं ते वाकून बघितलं. पंधरा पायऱ्यांच्या सतरा झाल्या. पायऱ्यांचा आकडा विषमच हवा, सोळा चालणार नाहीत, यावर त्यांचं आणि पत्नीचं एकमत होतं. मला कोणी विचारलं नाही.

जिना दगड आणि लाकूड एकत्र करून बांधायचा होता. त्याची रचना सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रत्येक पायरीवर पाऊल जिथे टेकतं तिथे सागवानाची फळी आणि पुढची कड, जी सर्वांत आधी झिजते, ती काळ्या दगडाच्या पट्टीची. पायाला लाकडाची ऊब, कडेला दगडाची ताकद. बघणारा थबकावा असा तो जिना झाला होता. फक्त फळी आणि दगड यांच्यामध्ये मेहुण्यांनी प्रत्येक पायरीवर एक बारीक फट सोडली होती. ती मोजायला त्यांनी डाव्या करंगळीचं नख वाढवलेलं होतं. ते नख फटीत घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचं. कुठे अडलं की कानस काढायची.

‘हे एवढं कशाला?’ मी विचारलं.

‘दाजी, आता वैशाख हाय. लाकूड पापडागत वाळलंय. पावसाळ्यात ते फुगणार. सागवान कमी फुगतंय, पर फुगतंय. दगूड काय सरकत न्हाय. मग ढकलाढकली. म्हणून दोगांत नखायेवढी जागा सोडायची. सासू-सुनंत सोडावी तशी.’

‘माझ्याकडे बघून बोलू नको,’ पत्नी म्हणाली. तिला सून येऊन वर्षच झालं होतं.

फट नखाएवढी असली तरी तिची भूक मोठी होती. सुया, तीळ, ज्वारीचं पीठ, पत्नीच्या कुडीची फिरकी, सगळं तिने गिळलं. कामाच्या मावशी उदबत्तीच्या काडीने एकेक फट साफ करायच्या आणि तोंडाने म्हणायच्या, ‘बाई, मी जिना झाडू का जिन्याचे दात कोरू?’ हेही मी चालवून घेतलं असतं. पण शेजारचे निवृत्त इंजिनिअर जिना बघायला आले, सगळं बघून झाल्यावर मान हलवून म्हणाले, ‘काम छान आहे. फिनिशिंग तेवढं राहिलंय.’

तो शब्द माझ्या मनातून जाईना. माझ्या नोकरीत कोरी जागा म्हणजे दोष. अर्जातला एखादा रकाना लागू नसला तरी त्यात आडवी रेघ मारायची, रिकामा सोडायचा नाही, हे मी अडतीस वर्षं पाळलं आणि इतरांकडून पाळून घेतलं. आता रोज घरात चढता-उतरता सतरा कोरे रकाने दिसायला लागले.

त्यातच आमचे व्याही, म्हणजे सुनेचे वडील, मंद्रूपला मंगल कार्यालय बांधत होते. मेहुण्यांचं नाव मीच त्यांना सुचवलं होतं. श्रावणात नातवाला घेऊन सगळे येणार होते, घरी सत्यनारायण होता. तेव्हा जिना बघून काय ते ठरवू, असं व्याह्यांनी कळवलं. मेहुण्यांना हे सांगितल्यावर ते लगेच उठले. गच्चीवर गेले आणि खडूने एक जिना काढायला बसले, खऱ्या मापाचा, एकवीस पायऱ्यांचा, नवरा-नवरीला जोडीने चढता येईल एवढा रुंद. मग त्या खडूच्या रेघांवरून डोळे मिटून चालत गेले. ‘दाजी, जलमभर घरातलं जिनं केलं,’ ते म्हणाले. ‘चार माणसं चढणार, चार उतरणार. एक जिना असा करायचाय की ज्याच्यावरनं वरात वर जाईल. मग हत्यारं पुसून ठिवतो.’ महिनाभर ते येत, गच्चीवर जात आणि पुसट झालेल्या रेघा पुन्हा गडद करत. मग बार्शीला एका कामावर गेले ते सत्यनारायणाच्या दिवशी येतो म्हणून.

पत्नी सुनेच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली होती. घरात मी आणि बैठकीची खोली रंगवायला आलेला रंगारी. मी त्याला म्हणालो, एवढ्या फटी पांढऱ्या सिमेंटने भरून टाक. त्याने खाली बसून फटीत बोट घातलं. ‘मिस्त्रीनं मुद्दाम सोडल्यात वाटतं. इचारलंय का त्यांना?’

‘हो, विचारलंय,’ मी म्हणालो.

दोन तासांत काम झालं. जिना एकसंध दिसायला लागला. व्याह्यांवर चांगली छाप पडावी, मेहुण्यांना काम मिळावं, म्हणून मी ते केलं असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते अगदीच खोटं नाही. पण खरं कारण शेजाऱ्यांचा तो शब्द होता. पत्नी परत आली, जिन्यावरून हात फिरवून म्हणाली, ‘भाऊने शेवटी भरल्या वाटतं फटी.’ मी ‘हं’ म्हणालो.

त्या वर्षी श्रावणात आठ दिवस सलग झड लागली होती. सोलापूरच्या मानाने हे फार झालं. घरातले पापड मऊ पडले, दारं घट्ट बसली. पूजेच्या दिवशी व्याही आले. मोठा, भारदस्त माणूस. वर जाताना त्यांनी प्रत्येक पायरीवर थांबून कौतुक केलं. मला मीच तो जिना बांधल्यासारखं वाटत होतं. त्याच वेळी मेहुणे दारात आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. ते चपला काढत होते, व्याही वरून उतरत होते, मी त्यांच्या मागे होतो. खालून चौथ्या पायरीच्या कडेवर व्याह्यांनी पाय दिला आणि कडेचा दगड जागेवरून निखळून पुढे आला. व्याही तीन पायऱ्या घसरत खाली गेले. हात टेकला तो मनगटात मोडला.

बायका धावल्या, मुलगा रिक्षा आणायला पळाला. मेहुणे पायरीपाशी गेले. निखळलेला दगड त्यांनी उचलला. त्याच्या आतल्या कडेला पांढरा थर चिकटलेला होता. त्यांनी तो अंगठ्याने खरवडला, जिभेवर ठेवला. मग बाकीच्या पायऱ्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे. तेवढंच. एकदाच.

व्याही भिंतीला टेकून कण्हत म्हणाले, ‘मिस्त्री, काय हे? माझ्या कार्यालयात हजार माणूस चढनार की. तितं असं झालं तर?’

सगळे मेहुण्यांकडे बघत होते. भावाने बहिणीच्या घरी, तिच्या सोयऱ्यांदेखत, तिच्या नवऱ्याला खोटं पाडायचं नसतं. हा आमच्याकडचा रिवाज आहे, आणि त्या क्षणी तो त्यांच्याइतकाच मलाही ठाऊक होता. मी त्याच्यावर भिस्त ठेवून गप्प राहिलो.

‘माजं चुकलं,’ मेहुणे म्हणाले. ‘जागा धरायला चुकलो मी.’

आणि मी, मी पुढे होऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, ‘असू द्या मेहुणे. होतं असं. माणसाच्या हातून चुका व्हायच्याच.’

म्हणजे मी त्यांना माफ केलं. मोठेपणाने, चारचौघांत. व्याही पुढे कितीतरी दिवस सांगायचे की आमचे व्याही मोठ्या मनाचे, दुसऱ्या कोणी मिस्त्रीला दारात उभं केलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मेहुणे एकटेच हत्यारं घेऊन आले. दोन दिवस जिन्यावर बसून त्यांनी सतराही पायऱ्यांच्या फटी खरवडून मोकळ्या केल्या, दगड पुन्हा बसवला, प्रत्येक फटीतून नख फिरवलं. निघालेला पांढरा भुगा वर्तमानपत्रात बांधला आणि पुडी माझ्या हातात दिली. ‘दाजी, हे बागंत कुटंतरी पुरून टाका. आक्का इचारील उगं.’ मी ती घेतली आणि जास्वंदीच्या बुंध्याशी पुरली. इथेच आमच्या दोघांत सगळं स्पष्ट झालं आणि इथेच ते थांबलं.

मंद्रूपच्या कार्यालयाला ग्रॅनाइटचा जिना झाला, स्टीलच्या कठड्यांचा. उद्घाटनाला मेहुणे आले नाहीत. त्यांनी ज्यांच्याकडे पूर्वी जिने केले होते, त्यांतल्या काहींनी ही बातमी ऐकून त्यांना आपले जिने तपासायला बोलावलं. ते गेले. प्रत्येक घरी डोळे मिटून चढले, उतरले, आणि ‘ठीक हाय’ म्हणाले. एकाही घरातली पायरी हलली नव्हती. तरी लोकांनी त्यांना नवं काम दिलं नाही. त्या वर्षीच्या भाऊबीजेला पत्नीने त्यांना ओवाळलं आणि निरांजन खाली ठेवता ठेवता म्हणाली, ‘भाऊ, आता जिन्याची कामं घेऊ नको. वय झालं तुझं. कुणीतरी जिवानिशी जाईल.’

‘व्हय आक्का,’ ते म्हणाले. मी लाडवाचं ताट पुढे केलं.

त्यानंतर त्यांनी पाट केले, देव्हारे केले, पोळपाट केले. दार-खिडकीही केली. कोणाकडे गेले तर यजमान बसा म्हणतील तिथे बसायचे. मला ते बघवत नसे, म्हणून मीच त्यांना घेऊन कोणाकडे जाणं बंद केलं.

मी बोलायचा प्रयत्न केला नाही असं नाही. तीन-चार भाऊबीजा शब्द जुळवण्यात गेल्या. एकदा मुद्दाम त्यांच्या घरी गेलो, एकटा. ते ओसरीवर देव्हाऱ्याची कमान घासत होते. मी म्हणालो, ‘मेहुणे, त्या पायरीचं एकदा बोलायचंय.’

‘पायरीचं काय काढलाव दाजी? बसा. च्या घ्या.’

‘नाही, मला सांगायचंय की…’

त्यांनी कानस खाली ठेवली. ‘दाजी, तुमी हितं येऊन मेव्हण्याफुडं हात जोडणार का? आन्‌ मी ते बगत बसू? आक्केला कोणत्या तोंडानं ओवाळायला सांगू मग?’ मग आत तोंड करून ओरडले, ‘आगं, च्या टाक! दाजी आल्यात. साखर कमी.’

चहा आला. आम्ही कमानीच्या लाकडाबद्दल बोललो. मी निघालो तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. त्यांनीच बोलू दिलं नाही, मी काय करणार, हे वाक्य मला मिळालं होतं आणि ते मी पुढे बरीच वर्षं वापरलं. त्यांनी मला अडवलं ते माझ्या मानासाठी. पण मला बोलायचंच असतं तर चहा निवेपर्यंत पुष्कळ वेळ होता.

मेहुणे गेल्या माघात गेले. झोपेत, काही त्रास न होता. पत्नी अजून कधी कधी म्हणते, ‘हात चांगला होता त्याचा. शेवटी तेवढं एक चुकलं.’ हे लिहून झालं की तिला वाचून दाखवणार आहे. ती काय म्हणेल ते मला माहीत नाही. काहीच म्हणणार नाही अशी जास्त भीती आहे. पण तिच्या आधी ज्यांना सांगायला हवं होतं त्यांच्यासाठी जुळवलेली वाक्यं अजून माझ्यापाशी पडून आहेत. पुष्कळ वेळा बदलली. शेवटी एवढीच उरली:

मेहुणे, फटी मी भरल्या. रंगाऱ्याने विचारलं तेव्हा तुम्हाला विचारलंय असं मी सांगितलं. तुमच्या हातून काहीही चुकलं नव्हतं. त्या दिवशी सर्वांदेखत मी तुम्हाला माफ केलं, तेव्हा माफी मी मागायची होती. ती आता मागतो.